रिकाम्या खोलीतली माणसं

आमची पहिली भेट झाली तेव्हा आमच्या मध्ये एक बंद दार होतं. हॉस्पिटलची लिफ्ट दोन मजल्यांच्या अधेमधे अडकलेली, आत मी एकटी, आणि बाहेरून एक आवाज...

"सिस्टर, घाबरलात?"

"मी? छे! अख्ख्या वॉर्डाला सुया टोचते मी."

"मग आवाज का कापतोय?"

"थंडी... थंडी वाजतेय."

"पण आतला पंखा तर बंद पडलाय!"

मी हसले, आणि तिथेच फसले. दार उघडलं तेव्हा समोर ग्रीसने माखलेले हात आणि लाजरे डोळे होते. त्या लिफ्ट मेकॅनिकशी मी वर्षभरात लग्न केलं. घरातला नळ गळायच्या आत दुरुस्त व्हायचा. मी रुसले तरी तू पाना घेऊनच येशील, असं मी त्याला चिडवायची.

मग आमची मुलगी गेली, जगात यायच्या आधीच. मी भुलीतून शुद्धीवर आले तोवर सगळं आटोपलं होतं. घरी आले, तर तिची खोली रिकामी. पाळणा नाही, झबली नाहीत, भिंतीलाही नवा रंग. बिघडलेला भाग आधी काढायचा, ही त्याच्या कामाची शिस्त. तीच त्याने घराला लावली. त्याला वाटलं, मला त्रास नको. मला वाटलं, ह्याला काहीच वाटत नाही. त्यानंतर आमचं बोलणं दूध आणि कुलपापुरतंच उरलं.

शेवटी एका दुपारी मी आईकडे जायला बॅग भरली, परत न येण्यासाठी. तो कामावरून आला, बॅगेकडे बघत राहिला आणि गुडघे टेकून म्हणाला, "चेन अडकतेय... थांब, बघतो."

"ठेव ती!" मी ओरडले. "कधीतरी काही दुरुस्त न करता नुसता जवळ बस ना रे माझ्या!"

त्याने मान वर केली नाही. "सगळे म्हणाले, तिला सांभाळ. तुझी आई, डॉक्टर, माझा दादा... मला कुणी विचारलंच नाही. तूसुद्धा नाही."

वॉर्डात मी पेशंटच्या प्रत्येक नातेवाइकाला विचारते, जेवलात का, झोपलात का. आणि ह्याला मी काय विचारलं होतं?

"तू... तू पाहिलंस तिला?"

"मांडीवर घेतलं होतं."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू खचशील असं वाटलं."

मी त्याच्या शेजारी फरशीवर बसले. "कशी होती?"

त्याने बॅग बाजूला सरकवली. "केस खूप. काळेभोर. कपाळ तुझं... आणि नाक—" त्याला रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

"नाक?"

"माझंच," तो हुंदके देत म्हणाला. "बिचारी पोर."

मी हसले की रडले, कुणास ठाऊक. त्याला घट्ट धरलं आणि म्हणाले, "अजून सांग."