बारा नंबर, पोहोचलो

टण्ण!

दुपारच्या शांत घरात चमचा फरशीवर पडला. आजोबांच्या हातातून. चित्र रंगवणाऱ्या भिंगरीने वर पाहिलं. आजोबा खुर्चीत मान टाकून बसलेले. तिने हाक मारली, हलवलं... काही नाही. आई बाथरूममध्ये केस धूत होती. पण आईनेच तर शिकवलं होतं, हाक मारून कुणी उठलं नाही तर अ‍ॅम्ब्युलन्सचा नंबर लावायचा. पोरीने लावला. पत्तासुद्धा चोख सांगितला.

आईची नोकरी त्याच नंबरवरची. कंट्रोल रूममध्ये फोन घ्यायचा, जवळची अ‍ॅम्ब्युलन्स धाडायची आणि गाडीवाल्याने 'पोहोचलो' म्हटलं की 'बरं, ठेवते' म्हणत पुढचा फोन उचलायचा. साथीच्या दिवसांत घोटभर पाणी प्यायलाही उसंत नव्हती. भिंगरीचे बाबा त्याच्या कितीतरी आधी वेगळे झालेले. घर, पोर, म्हातारे वडील म्हणजे अप्पा, सगळं तिच्या एकटीवर. त्या धबडग्यात एक आवाज मात्र तिला पाठ झाला होता, बारा नंबरच्या अ‍ॅम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरचा. "पोहोचलो. जेवलात का, कंट्रोल?" एवढंच. पण तेवढ्यावर पुढचे कितीतरी फोन निभायचे.

साथ ओसरली आणि फोनच बदलले. धाप लागलेले कमी, धास्तावलेले जास्त. पाय घसरून पडलेले म्हातारे, छाती धडधडतेय म्हणून रडकुंडीला आलेली तरुण पोरं, आणि काहीच होत नसताना नुसतं "कुणीतरी या हो" म्हणणारे. साथीसाठी वाढवलेल्या गाड्या एकेक करून कमी होऊ लागल्या. सोमवारपासून बारा नंबर दुसऱ्या शहरात जाणार, हे तिला कालच कळलं होतं. कालचा डबा तिने न उघडताच परत आणला होता. पण ज्याचा चेहराही पाहिला नाही, त्याला थांबवायचं तरी कुठल्या हक्काने?

डोक्याला टॉवेल गुंडाळून ती बाहेर येते तोच बेल वाजली. तिने दार उघडलं. समोर गणवेशातला एक उंच माणूस, जिने चढून धापा टाकत.

"पोहोचलो."

"बरं, ठेवते," ती म्हणाली... आणि दार लावून घेतलं.

बाहेरून दारावर टकटक झाली.

"अहो कंट्रोल," दारापलीकडून हसू दाबलेला तोच आवाज आला, "मी फोनवर नाहीये!"

कानापर्यंत लाल होत तिने दार उघडलं. त्याच्यामागून आलेली डॉक्टर तडक आजोबांकडे गेली.

"अप्पा!" ती डॉक्टरमागे धावली.

डॉक्टरने खांदा गदागदा हलवताच आजोबा दचकून जागे झाले. खिशातून ऐकायचं यंत्र काढून कानात घालत म्हणाले, "कसली ही गर्दी? माणसाने जरा डोळा मिटायची सोय नाही!"

नाडी, रक्तदाब, सगळं ठणठणीत. भिंगरीला शाबासकी देऊन डॉक्टर बॅग उचलून खाली गेली. तो मात्र दारातच.

"टॉवेल शोभतो हं तुम्हाला."

"चेष्टा पुरे. निघा आता, दुसरा फोन येईल."

"हल्ली कमी येतात."

"म्हणून तर चाललात ना... सोमवारी."

त्याचं हसू विरलं. "गाडी जाणार हे नक्की. मला विचारलंय, गाडीबरोबर जाता की इथेच दुसऱ्या गाडीवर राहता? संध्याकाळपर्यंत सांगायचंय."

"मग?"

"मग काय... 'जाऊ नका' असं कुणी म्हटलंच नाही अजून."

ती टॉवेलचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. ओल्या केसांतून एक थेंब गालावर ओघळला.

"घाबरू नका," तो हळूच म्हणाला, अगदी ती फोनवर घाबरलेल्यांना म्हणायची तसं. "मी ऐकतोय. बोला."

"...जाऊ नका."

खालून डॉक्टरने हॉर्न वाजवला. तो हसला, "निघतो" म्हणाला, आणि तिथेच उभा राहिला. तिनेही दार लावलं नाही.

भिंगरीने आधी आजोबांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, मग आईच्या लाल झालेल्या गालांकडे.

"आई, आजोबा तर बरे आहेत. मग हे काका का थांबलेत? तुला काही होतंय का?"