आग्रहाचं कलम

लिंडेनफुर्ट गावातल्या बेकरीत दाराजवळ एक पाटी होती. पूर्वी तिच्यावर फक्त हवामान असायचं. आता हवामानाखाली कायदाही येऊ लागला होता. त्या सकाळी पाटीवर होतं: 'दुपारनंतर तुरळक सरी. एकद्वार कायदा: नागरिक समाधानी, कुरकुर शून्य.'

"शून्य?" पाव पिशवीत टाकता टाकता उज्ज्वला रणदिवे थबकली. "या देशात?"

"माझ्या नवऱ्याला विचारलेलं दिसत नाही," बेकरीवाली म्हणाली.

जर्मनी हा सोळा राज्यांचा देश. प्रत्येक राज्याची शाळा वेगळी, पोलीस वेगळे, सुट्ट्या वेगळ्या आणि हट्ट तर फारच वेगळा. लिंडेनफुर्ट अशा दोन राज्यांच्या बरोबर सीमेवर वसलेलं होतं, आणि कायद्यांची तालीम घेणारं देशाचं तालीमघर इथे आलं ते याच कारणाने. दोन्हींपैकी एकही राज्य ते दुसऱ्याला द्यायला तयार नव्हतं. त्यामुळे इमारतीला दारं दोन, झेंडे दोन आणि कॉफीची यंत्रंही दोन. एका राज्याच्या यंत्रातली साखर संपली तर दुसऱ्या राज्याचा कर्मचारी हळहळायचा, पण साखर द्यायचा नाही. तो त्याचा अधिकार नव्हता.

पण आत जे चालायचं ते मात्र टोपी काढून सलाम करावा असं होतं. कायदा माणसांवर लादण्याआधी तिथे त्याची तालीम व्हायची. संगणकात अख्ख्या देशाची नक्कल होती. सरकारी कचेऱ्यांत वर्षानुवर्षं साठलेल्या नोंदींवरून घडवलेली नकली माणसं, म्हणजे प्रतिनागरिक, त्या नकली देशात राहायची, आजारी पडायची, भांडायची. त्यांच्यावर नवा कायदा सोडला की एका दुपारीत दहा वर्षं उलटायची आणि कोण कुठे ठेचकाळतं ते दिसायचं. तेव्हापासून कायदे आखूड झाले होते. मंत्री 'आमचं चुकलं' असं निवडणुकीच्या आधी म्हणायला शिकले होते. जगाच्या इतिहासात अशी नोंद विरळाच.

उज्ज्वला मूळची बार्शीची. कायदा कुठे अडखळतो ते हुडकणं हे तिचं काम. एकद्वार कायदा तिने आणि तिचे वरिष्ठ डॉ. फॉस यांनी लेकरासारखा वाढवला होता. सोळा राज्यांत मदतीसाठी सोळा तऱ्हेची दारं ठोठावावी लागत, त्याऐवजी आता राज्यच नागरिकाला फोन करून एकच प्रश्न विचारणार होतं, 'आपल्याला मदतीची गरज आहे का?' 'हो' म्हटलं की दुसऱ्या दिवशी मदत दारात, 'नाही' म्हटलं की चालू असलेली मदतही बंद. पुरावा नको, रांग नको. गावात प्रयोग सुरूही झाला होता, आणि येत्या गुरुवारी राजधानीत मतदान होतं.

पाव घेऊन ती शेजारच्या फ्राउ टीमान, म्हणजे टीमानबाई, यांच्याकडे गेली. या बाईंच्या घरातून राज्याची सीमा जायची. स्वयंपाकघर एका राज्यात, झोपायची खोली दुसऱ्यात. स्वयंपाकाला एका सरकारची मदतनीस यायची, आंघोळ घालायला दुसऱ्या सरकारची, आणि उंबरठा कोणी झाडायचा यावर दोघींची रोज बोलणी व्हायची. आज घरात बोलणी नव्हती. फ्राउ टीमान यांच्या स्वेटरची बटणं खालीवर लागली होती. टेबलावर पावाची एक वाळकी कड होती.

"मदतनीस बायका कुठे गेल्या?"

"बंद झाल्या. फोन आला होता. इतका सभ्य आवाज! गरज आहे का म्हणाला. मी म्हटलं, नाही, धन्यवाद."

"अहो, पण का?"

"कोणी असं तोंडावर विचारल्यावर 'हो' कसं म्हणायचं, फ्राउ रणदिवे? माझ्याहून गरजू माणसं असतील की."

"मग तो काय म्हणाला?"

"म्हणाला, आपला दिवस छान जावो." त्या गोड हसल्या. "खरंच सभ्य होता हो."

उज्ज्वला तरातरा तालीमघरात आली. डॉ. फॉस यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ते सगळंच शांतपणे ऐकायचे. एकदा आगीचा भोंगाही त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतला होता.

"त्या 'नाही' म्हणाल्या," ते म्हणाले. "नाही म्हणजे नाही. सज्ञान नागरिकाच्या उत्तरावर राज्याने शंका घ्यायची?"

"डॉक्टरसाहेब, आपले प्रतिनागरिक कोणाच्या नोंदींवरून घडवले? कचेरीत येऊन मागितलं त्यांच्या. जे लाजेने आलेच नाहीत, त्यांची नोंद कुठली? आपण सगळा देश होकारांचा बनवलाय. आमच्या बार्शीत पहिलं 'नको' हे उत्तर नसतं, प्रस्तावना असते."

"पुरावा?"

उज्ज्वलाने तिथल्या तिथे फोन लावला, आवाज मोठा केला आणि डॉ. फॉस यांच्यासाठी पडद्यावर भाषांतर सुरू केलं. तिचे दिगूमामा तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. बोलायला पक्के.

"मामा, तुमची नक्कल करून इथल्या यंत्रात ठेवू का?"

"नको गं उजे. माझं काय काम तिथं?"

"काम आहे म्हणूनच विचारतेय."

"राहू दे. उगं तुम्हाला तरास."

"मामा, खरंच ठेवू ना?"

"आता एवढी म्हणतीच आहेस तर ठेव बाई. फुकटात जर्मनी होतीय. पण थंडीचं बघ हां माझ्या!"

डॉ. फॉस बोटांवर मोजत होते. "तिसऱ्यांदा," ते पुटपुटले. "याला काय म्हणतात?"

"आग्रह."

मामांच्या आवाजाचे, गप्पांचे कित्येक वर्षांचे व्हिडिओ तिच्याजवळ होतेच. नवा प्रतिनागरिक घडवायला दोन्ही राज्यांची मंजुरी लागायची. अर्जात तिने 'मामा-तपासणी' असं नाव लिहिलं आणि मंजुरी अभूतपूर्व वेगाने आली. जर्मनमध्ये 'मामा' म्हणजे आई. कायदे करताना अखेर आईचा विचार होतोय याबद्दल दोन्ही मंत्रालयांनी भावपूर्ण अभिनंदन कळवलं होतं. चूक दुरुस्त करायची तर पुन्हा दोन मंजुऱ्या लागल्या असत्या. मामा आईच राहिले.

तालीम सुरू झाली. पडद्यावर एका जर्मन गावातली तिसऱ्या मजल्यावरची खोली. आत प्रतिमामा, कानाला मफलर, गुडघे गेलेले. फोन वाजला. मदतीची गरज आहे का?

"नको हो. आमचं आपलं झकास चाललंय."

नोंद झाली: समाधानी. पडद्यावर हिवाळा आला. मामांनी जिना उतरणं सोडलं. पुन्हा फोन, पुन्हा 'झकास', पुन्हा समाधानी. मग त्यांनी खिडकीपर्यंत जाणं सोडलं. मग चुलीपर्यंत. शेवटच्या फोनला ते दाराशी जमिनीवर पडलेले होते. उठता येत नव्हतं. हात लांबवून त्यांनी फोन ओढला आणि आवाज खणखणीत करत म्हणाले, "झकास! तुमचं कसं काय?"

समाधानी. कुरकुर शून्य.

उज्ज्वलाने तोंड फिरवलं. डॉ. फॉस यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

"माझी आई फोनवर असंच म्हणते," ते म्हणाले. "अगदी हेच. दर रविवारी."

मग मामांचं ते 'नको' त्यांनी बाकीच्या प्रतिनागरिकांनाही थोडं थोडं शिकवलं आणि तालीम पुन्हा चालवली. नकाशावर लाल ठिपके उमटू लागले. उत्तरेला, दक्षिणेला, श्रीमंत राज्यांत, गरीब राज्यांत. सोळाही राज्यांचं इतकं एकमत पूर्वी कधी झालं नव्हतं.

"आज कायदा परत घेतला तर तो पुन्हा येणार नाही," उज्ज्वला म्हणाली. "विरोधक पुरून टाकतील. इतक्या वर्षांच्या कष्टांचं पाणी होईल."

"होईल." डॉ. फॉस कोट घालत होते. "पण फ्राउ टीमान जमिनीवर पडल्या तर 'झकास' म्हणतील. आणि आपण त्यावर शिक्का मारू."

ते राजधानीला गेले आणि मतदानाच्या दिवशी त्यांनी संसदेच्या समितीपुढे मामांचा शेवटचा फोन दाखवला. म्हणाले, कायदा चांगला आहे आणि चुकीचा आहे, आणि चूक आमची आहे. आता दंगा होणार असं सगळ्यांना वाटलं. दंगा झाला नाही. विरोधी पक्षातल्या एका बाईंनी एवढंच विचारलं, "मग किती वेळा विचारायला हवं?"

"तीनदा," डॉ. फॉस म्हणाले. "आणि तिसऱ्यांदा फोनवर नाही. माणसाने, दारात उभं राहून."

यावर समितीने महिनाभर चर्चा केली. त्या देशात याला घिसाडघाई म्हणतात. नव्या कलमासाठी पावणेदोन ओळींचा एक जर्मन शब्द तयार झाला, पण तो उच्चारताना सभापतींना ठसका लागला, तेव्हा मूळचा 'आग्रह'च कायम झाला. कायदा दोन्ही सभागृहांत मंजूर झाला.

फ्राउ टीमान यांच्या दारात तिसऱ्यांदा विचारायला एक तरुणी येऊन उभी राहिली. त्या म्हणाल्या, "बरं, एवढं म्हणताच आहात तर..." आणि दुसऱ्याच दिवशी सूपमध्ये मीठ कमी म्हणून तक्रार केली. बेकरीतल्या पाटीवर आलं: 'कुरकुर मध्यम.' गावाने सुटकेचा श्वास सोडला.

आता फक्त अखेरची तालीम उरली होती. ती झाली की प्रतिमामा मिटवायचे, असा नियम होता. दोन्ही राज्यांचे प्रतिनिधी आपापल्या कॉफ्या घेऊन बसले. पडद्यावरच्या खोलीत फोन वाजला. नको, झकास. पुन्हा वाजला. नको हो, झकास. मग दारावर थाप पडली आणि नव्या कलमाप्रमाणे तिसऱ्यांदा विचारलं गेलं, आपल्याला कशाची गरज आहे का?

प्रतिमामा खुर्चीत सावरून बसले. त्यांनी मफलर काढून मांडीवर ठेवला. दाराकडे नाही, पडद्यातून सरळ बाहेर पाहिलं.

"आता एवढा आग्रह करताच आहात तर विचारतो. उजे, संध्याकाळी तुम्ही दिवे मालवून घरी जाता. तेव्हा मी कुठं असतो? आणि हे विचारायला मी कुठल्या राज्याच्या कचेरीत जायचं?"

दोन्ही राज्यांच्या प्रतिनिधींनी एकमेकांकडे पाहिलं. 'हे आमच्या अधिकारात येत नाही' हे वाक्य दोघांनाही तोंडपाठ होतं. दोघांपैकी एकानेही ते म्हटलं नाही. डॉ. फॉस उठले, एक खुर्ची ओढून पडद्यासमोर ठेवली आणि पाहुण्यासमोर बसावं तसे त्यात नीट बसले.

उज्ज्वलाचा हात यंत्र बंद करायच्या बटणाजवळ तसाच राहिला. बार्शीच्या मामांना तिने तीनदा विचारलं होतं. फ्राउ टीमान यांना तीनदा विचारावं म्हणून सगळा देश थांबवला होता. पण या समोरच्या मामांना, इथे राहायचंय का, असं एकदा तरी कोणी विचारलं होतं का?