जहाजापाशी न बोललेलं वाक्य

शिवकन्या आणि अभिमन्यूची गाठ पडली ती अर्जुनराव मास्तरांच्या बसलेल्या घशामुळं.

माजलगावच्या वाचनालयात महिन्यातून एका रविवारी दुपारी खिडक्यांवर सतरंज्या टांगून जुने परदेशी सिनेमे दाखवत. इंग्रजी फारसं कुणाला कळायचं नाही, म्हणून मास्तर पडद्याशेजारी माइक घेऊन उभे राहायचे आणि संवाद मराठीत सांगायचे. त्या दिवशी त्यांच्या घशातून शब्द फुटेना. ग्रंथपाल शिवकन्या घाबरून दारात आली, तर समोर एक उंच मुलगा पुस्तक परत करायला उभा.

“इंग्रजी येतं का?”

“येतं... पण मी पुस्तक—”

“पुस्तक ऱ्हाऊ द्या. हे धरा.”

माइक देताना बोटाला बोट लागलं. दोघांनीही लागलंच नाही असं दाखवलं.

अभिमन्यू धारूरकडचा, ऊसतोडणी करणाऱ्या आईबापांचा मुलगा. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत होता, पण गाळपाच्या हंगामापुरता. त्यानंतर माइक त्याच्याकडंच राहिला आणि सिनेमा नसलेल्या रविवारीही त्याला पुस्तकं बदलायची असायची. शर्टाला मळीचा वास आणि खिशात बोरं.

“एवढं वाचता कधी हो?” ती विचारायची.

“वाचतो कोण? बदलायला येतो.”

आणि मग ती रजिस्टरात मान घालून हसायची.

अशात तिला आष्टीचं स्थळ आलं. मुलगा बँकेत, नोकरी कायमची. दोन आठवड्यांनी सोमवारी पाहुणे येणार होते. शिवकन्यानं हे अभिमन्यूला मुद्दाम सांगितलं. वाटलं, आता तरी काही बोलेल.

त्यानं बोरांची पुडी टेबलावर ठेवली. “चांगलं स्थळ हाय. हो म्हणा. माझं काय... कारखाना बंद झाला की बिस्तरा गोळा.”

“तुमचं कुणी विचारलं?” तिनं पुडी परत त्याच्या हातात कोंबली. तो गेल्यावर मात्र तिला रडू आवरेना.

पुढच्याच रविवारी नेमका गुंडाचा सिनेमा होता. काळापांढरा, अमेरिकेतल्या दारूबंदीच्या काळातला. चोरटी दारू विकणारा गुंड एका शिक्षिकेवर जीव टाकतो. पण आपल्यासोबत तिचं भलं होणार नाही म्हणून शेवटी तिला एका सरळमार्गी डॉक्टरसोबत जहाजात बसवून देतो. जहाज हलतं आणि अभिमन्यूचा आवाज माइकमधून आला, जरा कापरा:

“जा म्हणालो, ते नुसतं तोंडानं म्हणालो. तू वळून बघशील म्हणून मी इथंच उभा हाय.”

बायकांनी पदर डोळ्यांना लावले. शिवकन्या पडद्याकडेच बघत राहिली.

वाचनालयाची रीत अशी, की सिनेमा सुटला की प्रत्येकानं बिननावाची चिठ्ठी लिहायची. पुढच्या रविवारी त्या मोठ्यानं वाचायच्या आणि सगळ्यात आवडलेलं वाक्य फळ्यावर लिहायचं. या वेळी मास्तरांनी चिठ्ठ्या चाळल्या, तर चौदांत तेच वाक्य होतं.

“मूळ इंग्रजी वाक्य काढून ठेव गं,” मास्तर म्हणाले. “दोन्ही लिहू.”

शिवकन्यानं संगणकावर तो प्रसंग लावला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा आवाज वाढवून लावला. गुंड हॅट सरळ करतो आणि बघत राहतो. तो काहीच बोलत नाही!

तिचे कान गरम झाले. राग आला, हसू आलं, सगळं एकदमच आलं.

रविवारी सगळे जमले. अभिमन्यू पार मागं, खांबाला टेकून. तिसऱ्या रांगेत तिचे वडील, बद्रीनाथ. शिवकन्या वाचू लागली.

“‘एवढ्या गोळ्या सुटल्या, पण हॅट पडली न्हाई. कौतुक हाय.’ ‘अख्ख्या सिनेमात कुणी जेवलं न्हाई. त्याच्यानंच भांडत असतील.’”

सभागृह खदाखदा हसलं. पुढची चिठ्ठी वाचताना मात्र ती अडखळली. अक्षर ओळखीचं होतं, वडिलांचं. “‘पोरगी जहाजात रडत बसली. मग डॉक्टर चांगला असून उपयोग काय?’”

तिनं शेवटची, मागाहून लिहिलेली स्वतःची चिठ्ठी उघडली. “‘जहाजापाशी गुंड एक शब्दही बोलत नाही. मी तीनदा बघितलं. ते वाक्य आपल्या माइकवाल्याचं आहे. आणि त्या मुलीला कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं, तर ती जहाजात बसली नसती.’”

सगळ्या माना मागं वळल्या. अभिमन्यूचा चेहरा लालबुंद.

“कावून गप हाईस रं?” पहिल्या रांगेतल्या विमलबाई मोठ्यानं म्हणाल्या. “विचार की!”

तो चाचरत पुढं आला. माइक तिच्याच हातात होता, त्याला तो मागायचंही सुचलं नाही.

“शिवकन्या... माझी नोकरी हंगामी हाय. मन तसं न्हाई. जहाजात बसणार का?”

“न्हाई,” ती म्हणाली. माइक चालूच होता.

कुणी टाळी वाजवली नाही. सगळे बद्रीनाथांकडं बघत होते. ते उठले, टोपी नीट केली, अभिमन्यूला खालून वरपर्यंत न्याहाळलं. मग लेकीच्या हातातली आपली चिठ्ठी घेतली, वाचली आणि घडी घालून खिशात ठेवली.

“आष्टीवाल्यांना मी फोन करतो,” ते म्हणाले. “पण पोह्याचं सामान आणून ठेवलंय. तुमी या उद्या सकाळी. आईबापाला घेऊन या.”