तांब्याची चुंबळ

“पुन्हा एकदा विचार,” शबनूर म्हणाली, “आणि विचारून झालं की लगेच कान लाव.”

टाकीच्या झाकणाशेजारच्या वाकड्या हवेच्या नळीत तोंड घालून ओमने गंभीरपणे विचारले, “आत कोण आहे?”

“आहे... आहे... आहे...” आतून घुमता आवाज परत आला.

“आत कोणी नाही,” उत्कर्षा म्हणाली, “आणि पाणीही नाही. भरलेली टाकी अशी बोलत नसते. भरलेला हंडा कधी वाजतो का?”

माले गावाच्या वरच्या अंगाला असलेली ती सिमेंटची टाकी पुरुषभर उंचीची होती. दिवाळीच्या सुट्टीत मैत्रिणीकडे राहायला आलेल्या शबनूरला गेले तीन दिवस ही टाकी स्वस्थ बसू देत नव्हती. टाकीच्या भिंतीवरच्या पेटीत हिरवा दिवा अखंड तेवत होता. टाकी भरली आहे, असा त्या दिव्याचा अर्थ. गावातले नळ मात्र पाच दिवस कोरडे होते.

त्याचा सारा दोष उत्कर्षाच्या आजोबांवर, कोंडिबांवर आला होता. एकवीस वर्षे पहाटे उठून झडप उघडणारे आणि गावाला पाणी सोडणारे हे गृहस्थ. दिवा हिरवा असूनही नळाला पाणी नाही, म्हणजे म्हाताऱ्याच्याने झडप पुरती फिरत नाही, असा निष्कर्ष सरपंच शैलेश यांनी काढला होता. उद्या सकाळच्या ग्रामसभेत कोंडिबांकडून झडपेची चावी काढून घेण्याचे ठरले होते.

“मी बोललो त्यांना, टाकीच रिकामी हाय म्हणून,” कोंडिबा आदल्या दिवशी अंगणात शांतपणे म्हणाले होते. “सरपंच म्हणं, यंत्र खोटं बोलत न्हाई. मंग मीच खोटा ठरलो.” एवढे बोलून ते गाईला वैरण घालायला उठले. त्या रात्री ते जेवले नाहीत.

झाकणाला कुलूप होते आणि किल्ली कंत्राटदाराबरोबर सुट्टीवर गेली होती. हाताने मोटार सुरू करण्याचे बटण तर नवे यंत्र जोडतानाच काढून टाकले होते. त्यामुळे आत डोकावून पाहण्याची तसदी कोणीच घेतली नव्हती.

ओम हा उत्कर्षाचा चांद्याचा आतेभाऊ. गावाचा नकाशा काढण्यासाठी त्याने गळ्यात होकायंत्र अडकवले होते. तो टाकीवरून खाली उतरू लागला आणि मध्येच थबकला.

“शबनूर, माझ्या होकायंत्राला वेड लागलंय.”

“मालकासारखंच.”

“हसू नकोस. बघ तरी.”

टाकीच्या अंगाला मनगटाएवढी जाड, पांढरी प्लास्टिकची नळी उभी होती. तिच्या पायथ्याशी होकायंत्राची सुई निमूटपणे उत्तर दाखवत होती. पण टोकाकडच्या टोपीजवळ नेताच ती गर्रकन वळून टोपीकडेच रोखून पाही.

शबनूरचे वडील, रईसभाई, पौडच्या बाजारात जळालेल्या मोटारींना नवी तार भरून देत. त्यांच्या दुकानात तिने असल्या नळीतला फ्लोट पाहिला होता.

“या नळीत एक फ्लोट असतो आणि त्याच्या पोटात चुंबक,” ती विचार करत म्हणाली. “पाणी चढलं की तो चढतो. टोकाला पोचला की पेटीला कळतं, टाकी भरली. मग मोटार थांबते. पाणी उतरलं की त्यानंही उतरायला हवं, म्हणजे मोटार पुन्हा सुरू होते. पण हा वरच बसलाय.”

“रिकाम्या टाकीत? कशाच्या आधारानं?”

तिघांचीही नजर एकाच वेळी टोपीवर गेली. तिथे तारेने घट्ट बांधलेली, हळद-कुंकू वाहिलेली लोखंडी नाल होती.

नाल कुशाबांनी बांधली होती. खंडेनवमीला गावातल्या नांगर, विळा, कोयत्यांबरोबर या नव्या यंत्राचीही पूजा झाली आणि त्याला दृष्ट लागू नये म्हणून गावातल्या या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाने जपून ठेवलेली घोड्याची नाल तिथे बांधली. कंत्राटदाराने यंत्र प्रत्यक्ष जोडले ते गेल्या आठवड्यात, सुट्टीवर जाण्याआधी. मग टाकी भरली, फ्लोट वर गेला आणि नालेने त्याला धरून ठेवले.

कुशाबांनी मुलांचे सर्व म्हणणे ऐकून घेतले. मग ते म्हणाले, “पोरांनो, वरीस पुरं झाल्याबिगार ती नाल हलवायची न्हाई. आन् येवढ्याशा लोखंडानं गावाचं पाणी अडतंय व्हय?”

“अडतंय, आजोबा,” शबनूर म्हणाली.

“मंग नालंला हात न लावता दाव. पटलं, तर मी सोताच्या हातानं सोडीन.”

परतताना ओम म्हणाला, “त्यांचं लक्ष नसताना काढून टाकू.”

“पूजेतली वस्तू चोरायची?” शबनूर थांबली. “आणि मग कोंडिबा आजोबांच्या नातीनं नाल पळवली, असंही उद्या म्हणतील. त्यांनी सांगितलंय तसंच करायचं. फ्लोटला वरून ढकलायचं.”

“दुसऱ्या चुंबकानं? सारखी टोकं समोरासमोर आली की ढकलतात.”

“तुझा चुंबक आधी नालेलाच जाऊन चिकटेल. शिवाय तो कायम ढकलत राहिला, तर टाकी भरली तरी फ्लोट वर येणार नाही. आपल्याला बटण दाबलं की ढकलणारा आणि सोडलं की गप्प बसणारा चुंबक हवा. विजेचा.”

ती दुपारी पौडला जाऊन आली. रईसभाईंनी तांब्याची तार आणि दुचाकीची जुनी बॅटरी दिली. “दोन-तीन क्षणांपेक्षा जास्त दाबू नकोस, बेटा. तार तापते,” एवढेच त्यांनी बजावले.

अंगणात तिघांनी एका जाड बोल्टवर तार गुंडाळली. फ्लोटच्या जागी जुन्या स्पीकरचा चुंबक दोरीला टांगला. वीज सोडली, चुंबक बोल्टकडे धावला. तारेची टोके अदलाबदल केली. आता चुंबक लांब असताना मागे सरे; पण जवळ आणला की चटकन बोल्टलाच बिलगे. बॅटरी सोडवली तरी बिलगलेलाच राही.

“ढकलायला आणला आणि मिठी मारून बसला,” उत्कर्षा म्हणाली.

शबनूर मात्र बोल्टकडे पाहत होती. “चूक आपलीच आहे. बोल्टही लोखंडच ना? वीज असो वा नसो, चुंबक त्याला ओढून घेणारच. वर एक नाल होती, आपण दुसरी नेऊन बसवतोय.”

“मग तार कशावर गुंडाळायची?”

शबनूर बोल्टवरची तार उलगडू लागली. दिवस कलू लागला होता. इतक्यात उत्कर्षाची आजी सगुणाबाई ओढ्यावरून पाण्याचा हंडा घेऊन आल्या. हंडा उतरवून त्यांनी डोक्यावरची कापडाची चुंबळ शबनूरच्या पुढ्यात टाकली.

“ही घे, बस हिच्यावर. भुई गार हाय. आन् त्वांड का उतारलंय?”

शबनूर बसली नाही. तिने ती चुंबळ उचलली, तिच्या पोकळ मध्यातून पलीकडच्या आजींकडे पाहिले आणि विचारले, “आजी, ही मी नेऊ?”

“ने की. आता सकाळपातुर कुटं वढ्यावर जायचंय?”

चुंबळीच्या मापाने तार गुंडाळली गेली: चारशे वेढे, मध्ये बोल्ट नाही, केवळ पोकळी. टांगलेला चुंबक जवळ आणून बटण दाबताच तो शहाण्यासारखा मागे सरला. बटण सोडताच मुकाट्याने परत आला. कशालाही चिकटला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ग्रामसभेआधी, कुशाबांच्या शब्दाखातर सारे टाकीपाशी जमले.

“लवकर आटपा,” सरपंच म्हणाले. “सभेला उशीर होतोय.”

शबनूरने तांब्याची चुंबळ टोपीवर अलगद ठेवली. नालेला तिचा हात लागला नाही, हे कुशाबा बारकाईने पाहत होते. तिने बटण दाबले.

काहीच घडले नाही. हिरवा दिवा तेवतच राहिला.

“झाली जादू?” सरपंचांनी विचारले. दोघे-चौघे हसले. कोंडिबा मान खाली घालून उभे होते. चावी त्यांच्या मुठीत होती.

शबनूरच्या कानांच्या पाळ्या तापल्या. पण बोटे स्थिर होती. फ्लोटमधल्या चुंबकाचे कोणते टोक वर आहे, हे बाहेरून दिसत नव्हते. दोनच शक्यता होत्या आणि त्यांतली एक आता संपली होती. तिने तारेची टोके बदलली आणि पुन्हा बटण दाबले.

नळीत ‘टक्’ असा आवाज झाला. काहीतरी घरंगळत खाली गेले. हिरवा दिवा विझला आणि खाली विहिरीवरची मोटार घरघरू लागली.

मग टाकीत पाण्याची पहिली धार पडली, तिचा आवाज साऱ्यांनीच ऐकला.

“टाकी रिकामीच होती तर,” सरपंच हळूच म्हणाले.

“आमचे धनी पाच दिस तेच सांगत व्हते,” सगुणाबाई म्हणाल्या. “दिव्याला इचारलंत. मानसाला न्हाई.”

कुशाबा काठी टेकत पुढे झाले. त्यांनी तार सोडली, नाल कपाळाला लावली आणि उपरण्यात गुंडाळली. “ही आता माज्या उंबऱ्यावर ठोकीन,” ते म्हणाले. “पोरी, तू देवाच्या वस्तूचा मान राखलास आन् माजी चूकबी दावलीस. दोन्ही येकदम करनं मला या वयातबी जमलं न्हाई.”

सरपंचांनी कोंडिबांसमोर हात जोडले. “चुकलं, तात्या. चावी तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. आन् ते हाताचं बटण आजच बसवून घेतो.”

कोंडिबांनी चावी कमरेला खोचली. दुपारी मोटार आपोआप थांबली आणि दिवा हिरवा झाला, तेव्हा ते एकटेच टाकीवर चढले. शबनूर पायथ्याशी तार उलगडत बसली होती. त्यांनी दिव्याकडे पाहिले नाही. वाकड्या नळीशी वाकून त्यांनी हाक मारली आणि बराच वेळ कान लावून ठेवला.

आतून कोणीही उत्तर दिले नाही.

तेव्हा ते उतरले आणि झडप उघडायला गेले.