तिसऱ्या रिव्हिजनचं लेबल

सकाळी दहालाच टेकडीवरच्या टेलिफोन केंद्राची लाइन पुन्हा मेली. महिन्याभरात चौथ्यांदा.

खालच्या ऑफिसात साहेबांनी मागच्या वेळी बिघडलेलं मॉड्यूल टेबलावर आपटलं. अंगठ्याएवढी डबी, फायबरमधल्या उजेडाचे सिग्नल करणारी. "लेबल तिसऱ्या रिव्हिजनचं, म्हणजे नव्या बनावटीचं, आणि आतली चिप सांगतेय पहिली! जरा तापलं की बंद. स्टोअरकीपर नवी गायब करून जुनी देतोय. संध्याकाळी त्याला घरी बसवतो."

"बाई, बावीस वर्षांत एक स्क्रू इकडचा तिकडे केला नाही हो," स्टोअरकीपर काका तपासनीस बाईंना एवढंच म्हणू शकले. चेहरा पार उतरला होता.

बाई कोणालाही न कळवता टेकडीवर निघाल्या.

केंद्र कसलं, दोन खोल्या आणि पंख्यांची घरघर. तिथे ऑपरेटर एकच, साठीकडे झुकलेला. सगळे त्यांना 'वरचे अण्णा' म्हणत. दार उघडंच होतं. टेबलावर दोन कप धुऊन ठेवलेले, दोन खुर्च्या समोरासमोर.

"या, या! चहा टाकतोच."

बाईंनी बंद पडलेलं मॉड्यूल काढून लॅपटॉपच्या रीडरमध्ये घातलं. पहिली रिव्हिजन! चिपमधला सीरियल नंबर त्यांनी जुन्या यादीशी ताडून पाहिला.

"अण्णा, गेल्या वर्षी इथली जुनी मॉड्यूल काढली, ती कुठे गेली?"

"गेली असतील भंगारात."

"नेली कोणी?"

"आता ते कुठलं आठवतंय!"

"दुरुस्तीला येतात ते इंजिनिअर किती वेळ थांबतात?"

"जेवूनच जातात की! मी सोडतोय होय?" अण्णा एकदम खुलले.

बाईंनी लॅपटॉप मिटला.

"सांगते, चुकलं तर थांबवा. हे मॉड्यूल गेल्या वर्षी इथूनच काढलेलं. ते स्टोअरला परत गेल्याची यादीत नोंदच नाही, मग काका देणार कुठून? त्यांनी नवंच पाठवलं. इंजिनिअर बसवून गेला, की कोणीतरी नव्याचं लेबल सोलून जुन्यावर चिकटवलं आणि जुनं आत सरकवलं. इथे तुमच्याशिवाय आहे कोण? आणि मी येणार हे कोणालाच ठाऊक नव्हतं, तरी कप दोन. लाइन पाडली की माणूस येतो, हे तुम्हाला पक्कं माहीत होतं."

अण्णांनी खण उघडला. फडक्यात गुंडाळलेली चारही नवी मॉड्यूल तिथे होती. एकही विकलेलं नव्हतं.

"इथे एकट्याला दोन वर्षं झाली, बाई. बोलायला चिटपाखरू नाही. कोणी आलं की तासभर बरं वाटायचं. काकांवर शेकेल असं मनातसुद्धा आलं नाही हो."

बाईंना राग आला होता, आणि अण्णांची कीवही येत होती. त्यांनी साहेबांना फोन लावला. "काकांचा काडीचाही दोष नाही. लेखी देते."

फोन ठेवून त्या वळल्या. "अहो, एवढं एकटं वाटत होतं तर कोणाला तरी फोन करायचा!"

"कोणाला, बाई?"

बाईंनी हातातला फोन उघडून नावांवरून बोट फिरवलं. हाच प्रश्न त्यांना कोणी विचारला असता, तर सांगायला त्यांच्याकडेही एक नाव नव्हतं.