वाघासमोरचा घोडा

"दर वेळी वाघच येतो इथे…"

अबोली स्वतःशीच म्हणाली होती. गोरेगावला मावशीकडे आली होती; परत निघताना कॉलनीच्या मैदानातला लाकडी पाळणा पाहून थबकली. हाताने कोरलेले प्राणी गोल फिरत होते — हत्ती, मोर, हरीण, बैल, वाघ. सहावी जागा रिकामी. कॉलनीतली माणसं दर रविवारी जमून तो दुरुस्त करत होती. कुणी ढकलला की पाळणा कुरकुरत फिरायचा, आणि थांबताना वाघ नेमका नळापाशी.

"काय म्हणालात?" पाळण्याखालून एक डोकं बाहेर आलं. केसांत भुसा.

"वाघासमोर कुणी नाही ना, म्हणून ती बाजू जड. जमिनीला इकडे उतार आहे, म्हणून वाघ इथेच थांबतो. असाच फिरवलात तर मधला खांब झिजेल."

"फिजिक्स?"

"एमएस्सी."

"मग रविवारी या. तिथला घोडा वाळवीने खाल्ला, नवा मी कोरतोय. वजनाचं तुम्ही बघा."

तो प्रबुद्ध. आठवडाभर स्टुडिओत सिनेमाचे सेट उभारायचा. "सहा दिवस पाडायचं म्हणून बांधतो," तो म्हणायचा, "सातव्या दिवशी टिकायचं म्हणून."

अबोली रविवारी आली. मग पुढच्याही. टांगत्या काट्यावर तिने वाघ तोलला — अडतीस किलो दोनशे. घोडाही तेवढाच भरायला हवा होता. दर रविवारी सकाळी घोडा काट्यावर चढे, दिवसभर प्रबुद्धची पटाशी चाले, सागाचा कडवट-गोड वास मैदानभर पसरे, आणि संध्याकाळी पुन्हा वजन. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते मात्र तिच्या वहीत नव्हतं.

"अजून दोन किलो जास्त," ती म्हणायची.

"खाता-पिता घोडा आहे यार. जरा वेळ दे त्याला."

पण वेळच नव्हता. पुढच्या रविवारी पोरांना पाळण्यात बसवायचं ठरलं होतं. आणि घोडा झाला, की मुलुंडहून दोन बस बदलून इथे यायला तिच्याकडे कारण उरणार नव्हतं. काटा हलत नाही म्हणून तिला काळजी वाटायला हवी होती… वाटत होतं ते भलतंच.

त्याच्या आदल्या रविवारी संध्याकाळी मैदान झाडणाऱ्या शांताबाई लाकडाच्या ढलप्या पिशवीत भरत होत्या. आरेतल्या त्यांच्या पाड्यावर अजून चूल पेटायची.

"शांताबाई, थांबा ना जरा." अबोलीने सहज पिशवी काट्याला अडकवली. नऊशे ग्रॅम.

तिने वही उघडली. सकाळी घोडा चाळीस किलो पाचशे. आत्ता चाळीस दोनशे.

"प्रबुद्ध, आज तू नऊशे ग्रॅम लाकूड काढलंस. घोडा तीनशेनेच कमी झाला."

"हवा दमट आहे."

"जानेवारीत? एका दिवसात सहाशे ग्रॅम हवा प्यायला तुझा घोडा?"

शांताबाईंनी दोघांकडे पाहिलं, पिशवी उचलली आणि हसू दाबत निघाल्या.

अबोलीने पोकळ घोड्याच्या पोटाखालची फळी सरकवली, आत हात घातला. फडक्यात गुंडाळलेला दगड. मग आणखी एक… एकूण पाच. काट्यावर बरोबर दोन किलो.

"तू चहा आणायला गेलीस की टाकायचो," तो पटाशीची मूठ चोळत म्हणाला. "दर रविवारी एक. आज घाई झाली, जरा मोठा हाताला लागला."

"का पण?"

"घोडा झाला की तू येणार नाहीस, म्हणून." त्याने वर पाहिलं. "…नीट बोलता आलं नाही मला. कोरता येतं फक्त."

तिने दगडांशिवाय घोडा काट्याला टांगला. काटा थरथरला, थांबला — अडतीस दोनशे. एक ग्रॅम इकडे नाही की तिकडे.

"झाला," ती हळूच म्हणाली.

दोघांनी मिळून घोडा जागेवर बसवला, पाळणा ढकलला. तो गोल गोल फिरला आणि थांबला… नळापाशी या वेळी मोर होता. पुन्हा ढकलला, तर हरीण.

अबोली पाचही दगड आपल्या पिशवीत भरू लागली.

"अगं, ते कशाला नेतेस?"

"परत देईन. दर रविवारी एक. पण घ्यायला मुलुंडला यायचं, दोन बस बदलून."

प्रबुद्धचे कान लाल झाले. "आणि पाच संपले की?"

तिने पिशवी खांद्याला लावली, त्याच्या केसांतला भुसा बोटांनी झटकला.

"आमच्याकडे अख्खा डोंगर आहे रे."