सायीचे हातमोजे

ताई गेली आणि तिचा सगळा संसार माझ्याकडे आला तो दोनच नगांत: अकरा वर्षांची भाची आणि कोम्बुचाची, म्हणजे आंबवलेल्या चहाची, बरणी. बरणी निदान बुडबुडे तरी सोडायची. भाची चकार शब्द काढत नव्हती.

तिचा राग मला मान्य होता. शेवटच्या आठवड्यात ताई दवाखान्यात तिला सारखी बोलवत होती आणि मी शहाणपणा केला, "परीक्षा होऊ दे, मग आणते." पेपर सुटला तेव्हा ताई गेलेली होती.

बरणीचं सगळं भाचीच करायची. गोड चहा आंबला की दर आठवड्याला त्यावर नवी साय धरते, बोटभर जाड, ओली, चिवट. जुनी काढून ठेवावी लागते. "टाकायची नाही. आई टाकायची नाही," एवढंच ती बोलायची. मी सायी वाटत सुटले, तर शेजारणी मला जिन्यात पाहून दारं लावू लागल्या. फ्रिजमध्ये नऊ जमल्या.

मी चामड्याचे हातमोजे शिवते. चिवट काही दिसलं की माझे हात शिवशिवतात. एक साय धुतली, फळीवर पसरली, जराशी वाळल्यावर तेल चोळलं. मऊ कातडं झालं. म्हटलं, पोरीला हातमोजे शिवू.

मापासाठी तिने कागदावर हात ठेवला. मी बोटांभोवती पेन्सिल फिरवली. तीन महिन्यांत पहिल्यांदाच तिने मला हात लावू दिला होता. मला रडू आलं, ते मी कात्री शोधण्याच्या निमित्ताने लपवलं.

अर्धवट वाळलेलं कातडं कापू नये, आटतं, हे मी कामाला येणाऱ्या प्रत्येकीला बजावते. त्या दिवशी घाईत मीच कापलं आणि रात्रीच डावा हातमोजा शिवून ठेवला.

सकाळी पाहिलं तर डावा हातमोजा आटला नव्हता. वाढला होता. बोटं माझ्या बोटांपेक्षा लांब. हवेत ओलावा असेल, म्हटलं. मग टाके मोजले. दोरा माझाच होता, पण मी घातले होते त्याहून अकरा टाके जास्त होते.

"राहू दे, दुसरा शिवते," मी म्हणाले.

"बरोबर आहे हा."

"अगं, तुला सैल होईल."

"हा घालायचा नाहीये." तिने हातमोज्याची बोटं आपल्या मुठीत धरली. "उजवा कधी शिवशील?"

तिने माझ्याकडे काहीतरी मागितलं होतं. माझ्यासारख्या भुकेलीला तेवढं पुरलं. अकरा टाके मी विसरले आणि संध्याकाळपर्यंत उजवा शिवून दिला.

पोर जेवू लागली. गुणगुणू लागली. चौथ्या दिवशी ती खोलीतून बाहेर आली तेव्हा तिची वेणी घातलेली होती, घट्ट, मानेपर्यंत सरळ भांग पाडून. तिला वेणी घालता येत नाही.

मी तिचा डबा भरून दिला.

काल शाळा सुटायच्या वेळी मी शाळेच्या फाटकासमोर, रस्त्याच्या अलीकडे जाऊन थांबले. ती समोरच्या फुटपाथवरून येत होती. एक हात उंच धरलेला, आणि त्या हातात हातमोजा. तो लोंबत नव्हता.

"मावशी, तू येत जाऊ नकोस आता," ती पलीकडूनच ओरडली आणि रस्त्यात उतरली.

वळणावरून ट्रक आला. मी धावले.

माझ्याआधीच कुणीतरी तिला मागे ओढलं.

ट्रक गेला. ती फुटपाथवर उभी होती. माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. मान वर करून म्हणाली,

"सॉरी, आई."